चेहऱ्यावरची जन्मखूण : पुसावी की राहू द्यावी?

“ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?” बाळंतिणीच्या खोलीत हा प्रश्न आजही विचारला जातो. बाळाच्या गालावर लाल चट्टा दिसला, कपाळावर निळसर सावली दिसली, की आत्याबाई, मावशी, शेजारच्या काकू अशा सगळ्यांची नजर आधी बाळाकडे आणि मग आईकडे वळते. नऊ महिने ओझं वाहून, कळा सोसून नुकती मोकळी झालेली ती पोर त्या एका प्रश्नानं गार पडते. आठवायला लागते, त्या दिवशी आपण विळीवर बसलो होतो का? सुईदोरा हातात घेतला होता का?

मैत्रिणींनो, जन्मखुणेबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. कारण डागावर उपचार पुढे होतील न होतील, पण आईच्या मनावर पडलेला हा डाग आधी पुसला पाहिजे. आणि तो पुसायला कुठलंही यंत्र लागत नाही, थोडी माहिती पुरते.

आमच्या अंबडला एका बाजूला औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूला सिडकोच्या घरांच्या रांगा. कारखान्यात पाळी करणारी माणसं, नोकरी नाहीतर घर सांभाळणाऱ्या बायका, शाळेत जाणारी मुलं. मी अर्धा वेळ शाळेत शिकवते. वर्गात, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाड्यावर, कुठे ना कुठे चेहऱ्यावर डाग असलेली एखादी मुलगी दिसतेच, आणि तिची आई दिसली की हमखास विचारते, “बाई, हे लेझरनं जातं म्हणतात, खरं का हो?” त्या प्रश्नाचं नीट उत्तर एका जागी मिळावं म्हणून हा लेख.

आईचा दोष कणभरही नाही

चेहऱ्यावरचा तो लाल किंवा जांभळट डाग, ज्याला डॉक्टर ‘पोर्ट-वाइन स्टेन’ म्हणतात, तो साधारण हजारात तीन बाळांना असतो. तिथल्या कातडीतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच रुंदावलेल्या असतात, त्यांतलं रक्त वरून दिसतं, म्हणून डाग लाल. असं का होतं, हे २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधून काढलं. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या ‘जीएनएक्यू’ नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या भागातच हा डाग उमटतो. हा बदल आईकडून येत नाही, वडिलांकडून येत नाही, ग्रहणाशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. आईनं काय खाल्लं, काय पाहिलं, कुणाचा तळतळाट लागला, यातलं काहीही त्याला कारण नाही.

निळसर-करड्या डागाची गोष्ट वेगळी आहे, पण आईचा दोष तिथेही नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी गर्भात आतून प्रवास करत वरच्या थरापर्यंत येतात. काही पेशी वाटेतच, खालच्या थरात मुक्काम करतात. त्यांच्यातला रंग खरं तर तपकिरीच, पण खोलवरून दिसतो म्हणून निळा भासतो. आपल्या आजीच्या हातावरचं गोंदण आठवा. आत गेलेलं काजळ काळं असतं आणि वरून दिसतं हिरवं-निळं. तसंच हे.

तेव्हा घरात सून बाळंत झाली आणि बाळाच्या तोंडावर डाग दिसला, तर तो ग्रहणाचा प्रश्न तोंडावर आला तरी गिळून टाका. सासूबाईंच्या वयाच्या वाचक मैत्रिणींना माझी ही खास विनंती आहे.

सगळे डाग सारखे नव्हेत

लेझरचा विचार करण्याआधी डाग कोणता, हे कळलं पाहिजे. हे काम त्वचारोगतज्ज्ञाचं. तरी आपल्याला ढोबळ ओळख असावी.

काही डाग आपोआप जातात. नवजात बाळाच्या कपाळाच्या मध्यावर, पापण्यांवर फिकट गुलाबी ठिपके असतात. बाळ रडलं की ते लाल दिसतात. चेहऱ्यावरचे हे ठिपके बहुधा वर्ष-दोन वर्षांत मावळतात. कमरेवर, ढुंगणावर निळे चट्टे असतात, तेही पुढच्या काही वर्षांत फिके होतात. यांना काहीही करायचं नाही.

दुसरा प्रकार हेमँजिओमाचा. हा जन्मताना नसतो किंवा पुसट असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत एकदम फुगायला लागतो, लालभडक, स्ट्रॉबेरीसारखा. पहिले पाच महिने त्याची वाढ जोरात असते, मग थांबते, आणि पुढे काही वर्षांत तो आपोआप ओसरतो. म्हणून पुष्कळदा डॉक्टर “थांबा” म्हणतात. पण तो डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर असेल, त्याला जखम होत असेल किंवा तो झपाट्यानं वाढत असेल, तर थांबून चालत नाही. पापणीवर फुगला तर नजर अधू होऊ शकते. अशा बाळाला महिन्याच्या आत दाखवावं. “सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला बाहेर काढायचं नाही” हा नियम इथे बाजूला ठेवा.

या हेमँजिओमावर आता मुख्य उपाय लेझर नसून तोंडानं द्यायचं औषध आहे. त्याची हकिगत मोठी मजेची आहे. फ्रान्समध्ये बोर्दो इथल्या डॉक्टर ख्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्याकडे असं एक बाळ होतं. त्याच्या हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुनं, साधं औषध दिलं, आणि चेहऱ्यावरची गाठ दिवसागणिक फिकी आणि मऊ होऊ लागली. २००८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि जगभर उपचाराची पद्धत बदलली. मात्र हे औषध घरच्या घरी, कुणाच्या तरी सांगण्यावरून कधीही देऊ नये. त्यानं बाळाची नाडी मंदावू शकते, रक्तातली साखर उतरू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बाळाला दूध पाजूनच ते द्यायचं असतं.

तिसरा प्रकार आधी सांगितलेला पोर्ट-वाइन डाग. हा जन्मतःच असतो, आपोआप जात नाही, बाळ वाढतं तसा तोही वाढतो. लहानपणी गुलाबी, पुढे जांभळट, आणि मोठेपणी काहींच्या बाबतीत जाड, खडबडीत. सोव्हिएत संघाचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा डाग थोरल्या वाचकांना आठवत असेल, तो हाच. ते १९८६ साली दिल्लीला आले होते. त्यांच्या सुरुवातीच्या सरकारी छायाचित्रांतून तो डाग पुसून टाकलेला असे! एवढ्या बलाढ्य देशाच्या प्रमुखाचा डाग लपवावा असं कुणाला तरी वाटलं, मग आपल्या मुलींचं काय सांगावं?

चौथा, आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये बराच दिसणारा, ‘नीव्हस ऑफ ओटा’. ओटा या जपानी डॉक्टरांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. चेहऱ्याच्या एकाच बाजूला, कपाळ, डोळ्याभोवती, गाल असा निळा-करडा डाग, कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातही निळी झाक. तो आशियातल्या लोकांत अधिक दिसतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. गंमत अशी, की तो जन्मतः असतो किंवा थेट वयात येताना उमटतो. त्यामुळे आया म्हणतात, “बाई, काल-परवापर्यंत काही नव्हतं हो!” आणि मग मार लागला, क्रीम बाधलं, दृष्ट लागली, असे तर्क सुरू होतात.

पाचवा तपकिरी-काळ्या डागांचा गट. जन्मतः असलेला काळा, केसाळ मस लेझरचा विषय सहसा नसतो. काढायचाच असेल तर शस्त्रक्रियेनं काढतात, आणि मोठा असेल तर त्यावर डॉक्टरांची नजर असावी लागते. दुधाळ चहाच्या रंगाचे सपाट डाग लेझरनं फिके होतात, पण पुष्कळदा परत येतात. असे डाग अंगावर सहा किंवा अधिक असतील, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

डाग सोडून आधी हे तपासा

लाल डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल, तर काही मुलांमध्ये आतून मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या आणि डोळाही सापडलेला असतो. अशा मुलांना फिट्स येऊ शकतात, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. ओटाच्या डागातही डोळ्याचा दाब वाढण्याचा धोका असतो. म्हणून डोळ्याजवळ डाग असलेल्या प्रत्येक मुलाची नेत्रतपासणी करून घ्या, आणि एकदा करून थांबू नका, डॉक्टर सांगतील तशी करत राहा. चेहरा कसा दिसतो याची काळजी सगळे करतात, नजर शाबूत आहे का याची आठवण मात्र आईलाच ठेवावी लागते.

लेझर म्हणजे काय, आणि तो डाग कसा काढतो?

लेझर हा एकाच रंगाचा, एकाच दिशेनं जाणारा जोरदार उजेड. पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी तयार केला, आणि त्याच दशकात लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी तो कातडीवर वापरून पाहिला. १९७० नंतर लाल डागांसाठी आर्गॉन लेझर आला. डाग जाई, पण आसपासची कातडी भाजून व्रण राहत. आगीतून फुफाट्यात!

वाट सापडली १९८३ साली. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी एक साधंच तत्त्व मांडलं. भर उन्हात काळी छत्री पांढऱ्या छत्रीपेक्षा जास्त तापते, कारण काळा रंग उजेड जास्त शोषतो. तसा, ज्या रंगाचा उजेड रक्ताला चांगला शोषता येतो तोच उजेड टाकला तर रक्तवाहिनी तापेल, शेजारची कातडी फारशी तापणार नाही. आणि तो उजेड क्षणभरच टाकायचा. आपण तव्यावरची पोळी बोटांनी उलटतो तेव्हा बोट भाजत नाही, कारण ते क्षणभरच टेकतं. तेच बोट ठेवून दिलं तर? लेझरचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टाकला, तर उष्णता त्या बारीक रक्तवाहिनीतच राहते, बाहेर पसरत नाही.

या तत्त्वावर जो पिवळ्या उजेडाचा लेझर तयार झाला त्याला पल्स्ड डाय लेझर म्हणतात. १९८९ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी पोर्ट-वाइन डाग असलेल्या ३५ मुलांवर केलेल्या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अगदी तान्ही मुलंही होती, आणि व्रण न राहता डाग फिके झाले होते. लाल डागांसाठी आजही मुख्य भिस्त याच लेझरवर आहे.

निळ्या, म्हणजे ओटाच्या डागासाठी दुसरा लेझर लागतो. तिथे रक्त नाही, रंगाचे कण फोडायचे असतात. त्यासाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर वापरतात. त्याचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच असतो. कण फुटून बारीक भुकटी होते आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ती हळूहळू उचलून नेतात. म्हणून फरक दिसायला आठवडे, महिने लागतात. नको असलेलं गोंदण काढायलाही हाच लेझर वापरतात. पिकोसेकंद नावाचे याहूनही कमी वेळाच्या झोताचे लेझर आता आले आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या : “आमच्याकडे लेझर आहे” या पाटीला काही अर्थ नाही. कोणता लेझर, हा खरा प्रश्न. केस काढायचा लेझर घेऊन कुणी जन्मखूण काढायला बसलं, तर ते विळीनं दाढी करण्यासारखं आहे.

आपला सावळा रंग आणि लेझर

जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो पुष्कळदा गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त. लाल डागाकडे जाणारा उजेड वाटेतच हे रंगद्रव्य शोषून घेतं. परिणामी डागापर्यंत उजेड कमी पोचतो आणि वरची कातडी मात्र भाजण्याची, काळवंडण्याची किंवा पांढरी पडण्याची भीती वाढते. म्हणून जाणकार डॉक्टर आपल्याकडे झोताचा जोर बेतानं ठेवतात, कातडी गार ठेवणारी सोय वापरतात, आणि आधी कोपऱ्यात लहानशा जागेवर करून पाहून काही आठवडे वाट बघतात. जो दवाखाना पहिल्याच दिवशी पूर्ण गालावर झोत मारायला तयार होतो, तिथून पर्स उचलून सरळ बाहेर पडावं.

आमच्या कॉलनीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. नववीत असताना तिच्या डाव्या गालावर आणि डोळ्याखाली निळसर डाग उमटला. वर्गाच्या फोटोला ती नेहमी एका अंगानं उभी राही. वडील कारखान्यात, आई घरी शिवणकाम करणारी. आईनं भिशीचे पैसे उचलून मुलीला एका सौंदर्यकेंद्रात नेलं. तिथे डॉक्टर नव्हतेच. “तीन वेळात साफ” असं सांगितलं होतं. दुसऱ्याच वेळी गाल भाजला, आणि खपली पडल्यावर निळ्या डागाच्या मध्ये नखाएवढा पांढरा ठिपका राहिला. त्या माउलीनं मला जे सांगितलं ते विसरता येत नाही. “बाई, डाग देवानं दिला होता, हा ठिपका माझ्या पैशानं दिला.”

पुढे ती दोघं त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी आधी डोळे तपासायला पाठवलं, पांढरा ठिपका निवू दिला, मग लहान जागेवर करून पाहिलं. दीड वर्षात सहा सिटिंग झाल्या. डाग आता निम्म्याहून फिका आहे, पूर्ण गेलेला नाही. दहावीच्या वर्षात मुलगीच म्हणाली, “आई, आता बास. परीक्षा झाल्यावर बघू.” आणि आईनं ऐकलं. मला या सगळ्यात ते ऐकणं फार मोलाचं वाटतं.

किती फरक पडतो?

खरं सांगायचं तर पूर्ण पुसला जाणं थोड्यांच्याच वाट्याला येतं. पोर्ट-वाइन डाग बहुतेकांचा फिका होतो, काहींचा खूपच फिका होतो, आणि काहींचा काही वर्षांनी पुन्हा थोडा गडद होतो. मग मध्येच एखादी सिटिंग घ्यावी लागते. तान्हेपणी सुरुवात केली तर फायदा अधिक, कारण कातडी पातळ आणि डाग लहान असतो.

ओटाच्या डागाबद्दल आपल्याकडचा अनुभवही नोंदलेला आहे. हैदराबादचे डॉ. संजीव औरंगाबादकर यांनी ५० भारतीय रुग्णांवरच्या उपचाराचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यातही सगळ्यांना सारखा गुण आला नाही. काहींचा डाग जवळजवळ गेला, काहींचा अर्धामुर्धा, काहींचा थोडासाच. साधारण पाच ते दहा सिटिंग, आणि दोन सिटिंगमध्ये दीड-दोन महिन्यांचं किंवा जास्त अंतर, असा हिशेब धरावा. म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं काम. लग्न महिन्यावर आलं म्हणून घाईनं सुरू करण्याची ही गोष्ट नव्हे.

दुखतं का? रबर ताणून कातडीवर सोडावा तसा चटका प्रत्येक झोताला बसतो. मोठ्या मुलींना तासभर आधी बधिर करणारं मलम लावतात. हे मलम घरी, मनानं, भरपूर फासू नका. मोठ्या भागावर जास्त लावलं तर ते अंगात भिनून त्रास होऊ शकतो. लहान मुलांना कधी भूल द्यावी लागते. डोळ्यांना झाकण हवंच, आणि पापणीजवळ करायचं असेल तर पापणीच्या आत बसणारं धातूचं झाकण घालतात.

पैशांचं गणित

प्रत्येक सिटिंगचा दर विचारून घरी येऊ नका, सगळ्या सिटिंगचा मिळून अंदाज विचारा. त्यात जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेला रोज, मलमं, डोळ्यांची तपासणी धरा, आणि मगच होकार द्या. दहा सिटिंगचे पैसे आधी भरून घेणाऱ्या ‘पॅकेज’पासून सावध राहा.

नाशिकमध्ये जिल्हा शासकीय रुग्णालय आणि आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईला केईएम, सायन, नायर ही महानगरपालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरलं की परळचं केईएम जवळच. निदान पक्कं करायला आणि एका तज्ज्ञाचं मत मिळवायला अशी ठिकाणं खिशाला परवडतात. हवा तो लेझर तिथे आहे का, कोणत्या वारी असतो, हे मात्र आधी फोन करून विचारा. विम्याच्या कागदात ‘सौंदर्योपचार’ आणि ‘बाह्य जन्मजात व्यंग’ यांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचून घ्या. पुष्कळदा हा खर्च मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत तुमच्या मुलाचा उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायला पैसे पडत नाहीत.

सुट्टी कोणती निवडावी?

आपण सगळ्याच आया मे महिन्याच्या सुट्टीत असली कामं काढतो. पण नाशिकचं वैशाखातलं ऊन आणि नुकती लेझर झालेली कातडी यांचं जमत नाही. ऊन लागलं की जागा काळवंडते. त्यापेक्षा पावसाळा किंवा दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस बरे.

लाल डागावर लेझर झाल्यावर तिथे आठ-पंधरा दिवस काळं-निळं दिसतं. घाबरू नका, ते उतरतं. ओटाच्या डागावर बारीक खपली धरते, ती आठवडाभरात आपोआप पडते. तेवढे दिवस हे सांभाळा : पहिल्या दिवशी स्वच्छ फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवा, थेट लावू नका. डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधं पेट्रोलियम जेली लावा. खपली नखानं काढू नका. हळद-बेसन, लिंबू, साय, मुलतानी माती यांना महिनाभर सुट्टी द्या. ब्लीच तर नकोच. पुढे रोज, ढगाळ दिवशीसुद्धा, ३० किंवा अधिक एसपीएफचं सनस्क्रीन, आणि बाहेर पडताना छत्री किंवा स्कूटीवर स्कार्फ. फोड आला, पू झाला किंवा दुखणं वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुकानात सहज मिळणारी, गोरं करण्याचं आश्वासन देणारी मलमं जन्मखुणेवर लावू नका. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. डाग जात नाहीच, उलट कातडी पातळ होते, केस उगवतात, पुटकुळ्या येतात. चुना, सोडा, अ‍ॅसिड लावून डाग ‘जाळून’ देणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये.

लेझर नको असेल तर

नको म्हणण्याचाही हक्क आहे. एखाद्या समारंभापुरता डाग झाकायचा असेल, तर रंगांची एक युक्ती उपयोगी पडते. लाल डागावर आधी हिरवट छटेचा कन्सीलर, निळ्या डागावर नारिंगी छटेचा, अगदी पातळ, बोटानं थापून लावा. त्यावर आपल्या रंगाचं फाउंडेशन, आणि शेवटी पावडर. रात्री न विसरता पुसून काढा.

पण लग्न जमवताना मात्र लपवाछपवी नको. फोटोत डाग दिसू दे, बोलणीत तो सांगितला जाऊ दे. हा डाग संसर्गाचा नाही, त्यानं संसारात काही अडत नाही. जे घर एवढंही ऐकून घेत नाही, ते नंतर काय काय ऐकवील, याचा अंदाज आधीच आलेला बरा.

आणि निर्णय कुणाचा? तान्ह्या बाळाच्या लाल डागाचा निर्णय आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावा, कारण तिथे वेळेला किंमत आहे. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलीला मात्र विचारा. “तुला तो डाग खटकतो का?” असं शांतपणे विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या. “याचं काहीतरी करायलाच हवं” असं तिच्यासमोर पाहुण्यांना सांगू नका. शाळेत कुणी चिडवत असेल तर वर्गशिक्षिकेला भेटा. मुलं कुतूहलानं विचारतात, तेव्हा “हा माझा जन्मापासूनचा डाग आहे, दुखत नाही, लागत नाही” एवढं एक वाक्य मुलीला पाठ असलं, की पुष्कळशी लढाई तिथेच जिंकली जाते.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या

१. डागाचं नेमकं नाव काय? तो आपोआप जाणारा आहे का?
२. डोळ्यांची किंवा दुसरी काही तपासणी लागेल का?
३. कोणता लेझर वापरणार, आणि या डागासाठी तोच का?
४. आमच्यासारख्या रंगाच्या किती रुग्णांवर तुम्ही तो वापरला आहे? त्यांचे फोटो पाहायला मिळतील का?
५. आधी लहान जागेवर करून बघणार ना?
६. झोत तुम्ही स्वतः मारणार की दुसरं कुणी?
७. साधारण किती सिटिंग, किती महिने, एकूण किती खर्च?
८. निम्म्यात थांबलो तर काय होईल?

डॉक्टर त्वचारोगाचं किंवा प्लास्टिक सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आहेत का, आणि त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाटीवर आहे का, हे आत शिरतानाच पाहा. जे चांगले डॉक्टर आहेत, त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, आणि जाताना मुलीलाही एक प्रश्न तिच्या हातानं त्यावर लिहायला सांगा.